पेटीत टाकलं म्हणजे पोचलं

पत्र सरकारी होतं म्हणून सासऱ्यांनी ते आधी स्वतः फोडलं, तीनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत कसाबसा दम धरला. तिने दारात चपला काढल्या मात्र, म्हातारा कडाडला.

"चोर म्हणतात आपल्याला! बत्तीस वर्षं बस चालवली मी. माझ्या गाडीखाली कधी कुत्रं आलं नाही. आणि ही कालची पोरं मला चोर म्हणतात!"

सूनबाईने पत्र हातात घेतलं. चोर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. सरकारला असे छोटे शब्द आवडत नाहीत. त्यात लिहिलं होतं की या कुटुंबाचं उत्पन्न दहा महिन्यांपूर्वी वाढलं, ते कळवण्यात आलं नाही, सबब दहा महिन्यांचा आधारभत्ता जादा दिला गेला. ती सगळी रक्कम तीस दिवसांत एकरकमी भरावी. एकरकमी जमत नसेल तर सोबतच्या फॉर्मवर अर्जदाराने सही करावी, म्हणजे हप्ते बांधून मिळतील. फॉर्ममध्ये एकच वाक्य होतं: 'उत्पन्नातील बदल मी जाणूनबुजून लपवला, हे मला मान्य आहे.'

अर्जदार म्हणजे सूनबाई. ती तिथेच दारात मटकन बसली.

नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली होती. मागे उरले सासरे, ती आणि आठवीतली लेक. भत्ता मिळाला म्हणून घर तगलं, हे ती कुणापुढेही कबूल करायची. दहा महिन्यांपूर्वी बाजारातल्या मोठ्या औषधांच्या दुकानात तिला कायम नोकरी लागली. जी औषधं मोजून-मापून द्यायची, ज्यांची कुणाला चटक लागू शकते, त्यांचं तिथे एक वेगळं कपाट होतं. त्याची किल्ली सूनबाईच्या गळ्यात असायची, म्हणून दुकानात सगळे तिला कुलूपबाई म्हणत. आता ही किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या नावापुढे सरकारदरबारी वाकडा शेरा असता कामा नये, असा नियम होता. मालकीणबाई दरवर्षी दाखला मागवायच्या. फॉर्मवर सही केली की शेरा आला, शेरा आला की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की नोकरी गेली. सही नाही केली तर तीस दिवसांत दहा महिन्यांची रक्कम आणायची कुठून? इकडे आड, तिकडे विहीर.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कळवलं होतं ना?"

"कळवलं होतं म्हणजे? एकदा नाही, दहादा कळवलं!"

"कुणाला?"

"त्यांच्या ऑफिसला. पेटीत टाकलं."

ऑफिसची, बँकेची सगळी कामं सासऱ्यांकडे होती. ती दिवसभर दुकानात, आणि म्हाताऱ्यालाही तेवढंच बाहेर पडायला निमित्त. भत्ता येतोच आहे हे पाहून तिने दोनदा विचारलंही होतं. दोन्ही वेळा सासरे म्हणाले होते, "मी कळवलंय. सरकार काय आंधळं आहे? हिशोब बघून देत असतील." आणि तिने मान डोलवली होती. पैसा येत असला की माणूस फार खोदून विचारत नाही, हे तिचं तिलाच आता बोचत होतं.

"कसली पेटी, बाबा?"

मग सगळं बाहेर आलं. डेपोत पद्धत अशी, की फेरी संपली की ड्रायव्हरने गाडीचं दुखणं चिठ्ठीवर लिहायचं. ब्रेक उशिरा लागतो, मागचा टायर बसतो, दार अडकतं. चिठ्ठी फाटकाजवळच्या लोखंडी पेटीत टाकायची आणि घरी जायचं. संध्याकाळी फोरमन पेटी उघडायचा, सकाळी गाडी दुरुस्त. पोच नाही, सही नाही, कुणाच्या मागे फिरणं नाही. बत्तीस वर्षांत एक चिठ्ठी वाया गेली नाही. सूनबाईला नोकरी लागली तसे सासरे भत्त्याच्या ऑफिसात गेले. तिथला रखवालदार बसल्याजागी हात करून म्हणाला, "बदल आहे ना? लिहा आणि तिकडे टाका." तिकडे पेटी होती. सासऱ्यांना ऑफिस एकदम शहाणं वाटलं.

"पोच घेतली नाहीत?"

"पेटी कधी पोच देते का? पेटीत टाकलं म्हणजे पोचलं!"

सूनबाईने कपाळाला हात लावला.

"आणि भत्ता बंद झाला नाही तेव्हा?"

"तेव्हा परत लिहिलं. दर महिन्याला लिहिलं. शेवटी शेवटी तर चांगलं झापलं त्यांना. शेवटच्या दोन चिठ्ठ्या आत जाईनात, कंगव्याने ढकलाव्या लागल्या."

"अहो, पेटी भरली म्हणजे ती कुणी उघडत नाही, एवढं तरी..." ती पुढे बोललीच नाही. बोलून काय होणार होतं? पैसे तर गेलेच होते. थकलेलं घरभाडं, लेकीची फी, लेकीचा चष्मा, आणि म्हाताऱ्याची कवळी.

"आजोबा," आतून नात म्हणाली, "त्यांनी दात परत मागितले तर?"

"मागू देत! चावून दाखवतो," सासरे गरजले, आणि अशा वेळीही सूनबाईला हसू आलं. मग लगेच रडूही आलं. तिने डोळे पुसले आणि फॉर्म उचलून बघितला. सही करायची तर जागा अगदी मोठी सोडली होती, उदार मनाने.

"पैसे जादा आले ते आले," ती म्हणाली. "ते फेडू. पोटाला चिमटा घेऊन फेडू. पण मी लपवलं असं लिहून देणार नाही. मी कशाला लपवू? आणि तुम्हीही लपवलं नाहीत. मूर्खपणा केलात, पण लपवलं नाहीत."

"मूर्खपणा तरी कसा..."

"बाबा, गप्प बसा."

सासरे गप्प बसले. हे घरात वर्षातून एखाद्या वेळीच घडायचं.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघं ऑफिसात गेली. तिसऱ्या मजल्यावर लांबट दालन, बाकांच्या चार रांगा, एक पंखा फिरणारा आणि एक नुसता टांगलेला. समोर सहा खिडक्या, त्यांतल्या दोन उघड्या. वसुलीच्या खिडकीपुढे रांग होती. मागे-पुढे बसलेल्या सगळ्यांच्या हातात तोच फॉर्म होता, हे सूनबाईच्या लगेच लक्षात आलं. शेजारी सफाईचं काम करणारी एक बाई बसली होती. आपला डावा अंगठा ती पुन्हा पुन्हा ओढणीच्या टोकाला पुसत होती, पण शाई काही निघत नव्हती.

"झालं तुमचं काम?" सूनबाईने विचारलं.

"झालं की. सकाळीच झालं. पावतीला थांबलेय," बाई म्हणाली. "म्हटले अंगठा द्या, दिला. आपण कुठं भांडायचं त्यांच्याशी?"

आणि दाराजवळ ती पेटी. लाकडी, हिरव्या रंगाची, पुढे पितळी कुलूप, वर पाटी: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' सूनबाई उठून जवळ गेली आणि फटीत बोट घातलं. बोटाला कागदच लागले. पेटी गळ्यापर्यंत भरली होती.

"बघ! सांगितलं होतं ना?" सासरे मागून म्हणाले, जणू पेटी भरून त्यांनी मोठा पराक्रमच केला होता.

त्यांचा नंबर लागला. खिडकीपलीकडे एक तरुण साहेब होता, नीट भांग पाडलेला, बोलणं कसं साखरेत घोळलेलं. सासऱ्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं आणि सूनबाईच्या कानात सांगितलं, ते साहेबालाही ऐकू गेलं.

"ताई," साहेब म्हणाला, "तुमच्या भल्याचंच सांगतो. नुसती सही करायची. हप्ते अगदी हलके बांधून देतो. सगळे करतात. सकाळपासून अकरा जणांनी केली."

"मी करणार नाही."

"मग एकरकमी..."

"एकरकमी नाहीत माझ्याकडे. हप्त्याने देईन, शेवटच्या पैशापर्यंत देईन. पण लपवलं असं लिहिणार नाही. आम्ही कळवलं होतं."

"आमच्याकडे नोंद नाही."

"नोंद त्या पेटीत आहे," ती म्हणाली. "उघडा."

साहेबाने पेटीकडे असं बघितलं, की जणू ती भिंतीतून आत्ताच उगवली. "ती अभिप्रायाची पेटी आहे, ताई. आमच्या विभागाचा तिच्याशी संबंध नाही."

"मग कुठल्या विभागाचा?"

"तो विभाग दोन वर्षांपूर्वी बंद झाला."

"विभाग बंद झाला आणि पेटी चालू ठेवली?" सासरे ओरडले. "बस डेपोत परत गेल्यावर थांब्यावर कंडक्टर उभा करता होय रे? तुमच्याच रखवालदाराने सांगितलं तिथे टाका म्हणून!"

"तो रखवालदार आता नाही."

"तुमच्याकडे आहे तरी काय?"

रांगेत हसू उठलं, आणि पाठोपाठ कुरबुरही. मागचा एक सुतार म्हणाला, "आजोबा, आटपा. आमचाही दिवस बुडतोय." सासरे खिडकीला हात टेकून उभे राहिले. "माझा नंबर अजून संपलेला नाही. पेटी उघडेपर्यंत ही गाडी थांब्यावरून हलणार नाही."

साहेबाने अजून गोड आवाज काढला. "उघडली असती हो, ताई. पण किल्लीच नाही. हरवली."

इथे मात्र तो चुकला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर खपलं असतं. कुलूपबाईला सांगितलं.

"साहेब," ती म्हणाली, "किल्ली हरवते, दुसरी किल्ली हरवत नाही. सरकारी कुलपाची दुसरी किल्ली पाकिटात घालून, सील करून रोखपालाकडे ठेवतात. आमच्या दुकानाला तो नियम तुमच्याच लोकांनी लावलाय. दर सहा महिन्यांनी येऊन पाकीट तपासतात. तुमचे रोखपाल कुठे बसतात?"

उत्तर कोपऱ्यातल्या खिडकीतून आलं. तिथे केस पांढरे झालेल्या एक बाई कसलंसं रजिस्टर आखत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या पेटीची? हिरव्या? आहे की. मला कुणी मागितलीच नाही कधी."

रोखपालबाईंनी तिजोरीतून एक जाड पाकीट काढलं, लाखेचं सील फोडलं, आणि जड पावलांनी येऊन पेटीला किल्ली लावली. दोन वर्षं न फिरलेलं कुलूप कुरकुरलं आणि सुटलं. दार उघडलं तशी कागदांची रास भसकन जमिनीवर आली.

सासऱ्यांच्या चिठ्ठ्या शोधाव्या लागल्या नाहीत. निवृत्त होताना त्यांनी डेपोतून छापील कोऱ्या चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे आणले होते, त्यांवरच ते किराण्याच्या यादीपासून सगळं लिहायचे. वर 'गाडीचा बिघाड' असं छापलेलं. सूनबाईने पहिली उचलली आणि मोठ्याने वाचली. "'साहेब, सूनबाईला कायम नोकरी लागली. पगार सोबत लिहिला आहे. भत्ता बघून कमी करावा. कळावे.' तारीख दहा महिन्यांपूर्वीची. फाईल नंबरसुद्धा घातलाय." तिने दुसरी उचलली. "'साहेब, गेल्या महिन्यात कळवलं होतं. भत्ता तेवढाच आला. लक्ष द्यावे.'" मग सहावी. "'साहेब, झोपलात काय? झोपून गाडी चालवू नये.'" आणि दहावी, कंगव्याने दुमडलेली. "'तुम्हाला पैसे जड झाले असतील तर तसं सांगा. मी दात बसवून घेतले. आता परत मिळणार नाहीत.'"

सगळं दालन हसलं. मघाचा सुतार तर बाकावर थाप मारून हसला. सासरे छाती पुढे काढून उभे होते आणि सूनबाईला आपल्या या हट्टी, वेंधळ्या म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. दहा महिने तो लिहीत होता. कुणी लपवणारा असं लिहितो का?

साहेब खिडकी सोडून बाहेर आला. पहिल्यांदाच त्याला घाम फुटलेला दिसला. तो तिला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं मान्य. 'जाणूनबुजून' काढून टाकतो. शेरा लागणार नाही. रक्कम फेडावी लागेल, पण हप्ते तुम्ही म्हणाल तसे. आत्ता, या क्षणी कागद करून देतो. फक्त या बाकीच्या चिठ्ठ्या परत आत टाकू आणि कुलूप लावू. उगाच गाजावाजा नको."

"ऐकलंस?" सासरे आनंदाने म्हणाले. "झालं की काम! चल, सूनबाई. कागद घे आणि चल."

तिलाही क्षणभर तेच वाटलं. किल्ली वाचली, नोकरी वाचली, पोरीची शाळा वाचली. अजून काय हवं होतं? आपण बरं, आपलं काम बरं.

पण तिच्या हातात सासऱ्यांच्या चिठ्ठ्यांबरोबर दुसरेही दोन-तीन कागद आले होते. एक वहीचं पान: 'मुलाला काम लागले. आता एवढी मदत नको.' एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे: 'नवरा परत आला. कमावतो. कळावे.' प्रत्येकावर फाईल नंबर, तारीख. पायाशी तसे दीडशे तरी कागद पडले होते. ती वर बघते तो बाकांवरचे सगळे तिच्याकडेच बघत होते.

रोखपालबाई पेटीशेजारी उभ्या होत्या, हातात रजिस्टर घेऊन. "परत आत टाकता येणार नाही," त्या साहेबाला म्हणाल्या. "सील फोडलं की आतल्या वस्तूंची यादी करायची आणि बाहेरच्या एका साक्षीदाराची सही घ्यायची. नियम आहे. साक्षीदार नसेल, तर मात्र मला पेटी होती तशी बंद करावी लागेल."

साहेबाने सूनबाईकडे बघितलं. आवाजातली साखर विरघळली होती. "ताई, विचार करा. त्या यादीवर सही केलीत तर प्रकरण वर जाईल. सगळ्यांच्या फायली वर जातील, तुमचीही. मग वरचे काय ठरवतील ते माझ्या हातात नाही. शेरासुद्धा लागू शकतो. बाकीच्यांचं तुम्हाला काय पडलंय?"

"सूनबाई," सासरे कुजबुजले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुझी नोकरी गं."

"बाबा, अकरा जणांनी सकाळपासून लिहून दिलंय की आम्ही लबाड आहोत," ती म्हणाली, आणि कुजबुजत नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यांना ठाऊक नव्हतं म्हणून घेतलं असेल. आता ठाऊक झालंय, तरी कुलूप लावायला निघालेत! माझ्या दुकानात कपाटातली एक गोळी कमी भरली तर मला जाब विचारतात. आणि इथे दीडशे माणसांचा खरेपणा पेटीत कोंबून वर म्हणणार, तुम्हीच लपवलं? चोर तो चोर, वर शिरजोर? नाही जमायचं. जाऊ दे माझी फाईल वर. द्या ते रजिस्टर."

तिने सही केली. पूर्ण नाव, पत्ता, तारीख, वेळ. साहेब तिला करून देणार होता तो कागद तसाच राहून गेला.

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग गुडघे धरत जमिनीवर बसले आणि चिठ्ठ्या सरळ करून एकावर एक रचायला लागले. "नंबर मी सांगतो," ते रोखपालबाईंना म्हणाले, "तुम्ही लिहा. आणि पोच द्या, हां. प्रत्येकाला पोच द्या."

तिथेच बाकावर बसून बाईंनी लिहायला घेतलं. सासरे एकेक नंबर मोठ्याने वाचत होते आणि दालनातून कुणी ना कुणी "माझा! माझा!" म्हणत उठत होतं. सुताराचा सातवा निघाला. आपला दिवस बुडतोय हे तो विसरूनच गेला. ज्यांचा निघत नव्हता ते फोन काढून घरी, शेजारी, कामावर कळवत होते. साहेब दोनदा म्हणाला, "शांतता ठेवा." तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

एकेचाळिसाव्या चिठ्ठीला सफाईवाली बाई उठली. चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेली होती आणि खाली अंगठा होता. बाईने तो कागद हातात घेतला, त्यावरचा अंगठा बघितला, मग आपला शाईचा अंगठा बघितला. वसुलीच्या खिडकीपुढे आता रांग नव्हती, साहेब परत आत जाऊन बसला होता. खिडकीसमोर ती ताठ उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "सकाळी दिलेला माझा अंगठा परत द्या."

साहेब म्हणाला, तसं करता येत नाही, फॉर्म जमा झालाय, उद्या बघू. सूनबाई जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मागून सुतार आला. मग सासरे आले, चिठ्ठ्यांची रास पोटाशी धरून. तो फॉर्म बाहेर येईपर्यंत त्या खिडकीसमोरून कुणीही हललं नाही.